अंजनाबाईंचे तीन थर

नागपूरहून समुद्र कुठल्याही बाजूने गेले तरी लांबच आहे, आणि बहुधा म्हणूनच इथे समुद्राविषयी प्रत्येकाचे मत ठाम असते. १९७६ च्या डिसेंबरात नंदनवनातल्या एका गल्लीत अशी मते घरोघर तयार होती. त्यांतले सर्वांत ठाम आणि सर्वांत मोठ्या आवाजातले मत गोपाळरावांचे. गोपाळरावांनी आयुष्यात पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे खाप्याला पूर आलेली कन्हान नदी. तीसुद्धा त्यांनी नातेवाइकांच्या गच्चीवरून, हातात चहाचा कप घेऊन पाहिली होती.

मत द्यायची वेळ आली ती मुलीमुळे. पुष्पलता त्यांची एकुलती एक. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेजच्या शिडाच्या होड्यांच्या पथकात होती. हे पथक अंबाझरी तलावावर सराव करी. तलावात होडी उलटली तर लोक काठावरून नावानिशी हाका मारत, इतका तो घरगुती कारभार. पण त्या वर्षी पथकाच्या बाबनराव सरांनी, जे नौदलातून निवृत्त होऊन आले होते, बारा जणांची निवड केली आणि जाहीर केले की पथक रत्नागिरीहून अलिबागपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने होडी नेणार. बारा दिवस. बारांत दोन मुली, सोबत एक प्राध्यापिका. पुष्पलतेचे नाव यादीत तिसरे होते.

नावासोबत दोन कागद घरी आले. एक पालकांच्या संमतीचा. त्यावर बुधवारपर्यंत सही हवी होती, नाहीतर तिची जागा दुसऱ्याला. दुसरा कागद कपड्यांचा.

कपड्यांचा कागद पुष्पलतेने आईला वाचून दाखवला. पहाटे आणि संध्याकाळी वारा असतो, लाटेचे तुषार गळ्यातून आणि बाह्यांतून आत जातात, म्हणून अंगावर तीन थर हवेत. अगदी आत पातळ लोकरीचे, अंगाला घट्ट. मधे जाड लोकरीचे. सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारे. ऊन चढले की एकेक थर काढता आला पाहिजे, म्हणून तिन्ही वेगवेगळे असावेत.

अंजनाबाईंनी ऐकून घेतले आणि मशीनवरून मान वर न करता विचारले, "हे लिहिणारा मानूस कुठला?"

"आमचे सर आहेत आई. पंधरा वर्षं जहाजावर होते."

"जहाजावर असतीन. नागपुरात नसतीन. लोकर कोन लावते वं अंगाले? खाजून खाजून मरशीन तू. समुद्र पाहायचा का पाठ खाजवायची?"

इथे अंजनाबाईंची बाजू सांगितली पाहिजे. त्या उमरेडच्या विणकराच्या घरातल्या. वडील धोंडबा लुगडी विणत. अंजनाबाई सहाव्या वर्षी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसल्या आणि दहाव्या वर्षी चिमटीत धागा धरून तो किती नंबरचा, हे डोळे मिटून सांगू लागल्या. गोपाळरावांच्या घरीही तेव्हा दोन माग होते. पुढे गिरणीचे आणि यंत्रमागाचे कापड आले आणि ते माग विकले गेले. गोपाळराव पत्र्याचे आणि मोटारीचे काम शिकून कुलर बांधू लागले. अंजनाबाईंनी शिलाई मशीन घेतली आणि रामदासपेठेतल्या बंगल्यांची कामे धरली. झंपर, पडदे, उशांचे अभ्रे, आणि जाड झालेल्या साहेबांच्या पँटी सैल करणे. हे शेवटचे काम रामदासपेठेत कधी संपत नसे.

बदलले नाही ते फक्त सुतावरचे प्रेम. जगातली कुठलीही अडचण चांगल्या सुती कापडाने सुटते, अशी अंजनाबाईंची समजूत होती. नायलॉनची साडी नेसलेल्या बाईकडे त्या ताप आलेल्या माणसाकडे पाहावे तशा काळजीने पाहत. आणि मे महिन्यात नागपुरात जो राहतो, त्याला ही समजूत खोटी आहे असे सांगायची सोयही नाही.

तेव्हा त्यांनी सरांचा कागद दुरुस्त केला. सरांना न विचारता, अर्थात. आतला थर त्यांनी वडिलांच्या हातच्या मऊ लुगड्याचा शिवला, तोही दुहेरी, कारण समुद्र आहे म्हणे. मधे पुष्पलतेचा जाड स्वेटर. बाहेरचा थर मात्र झकास जमला. कामठीच्या जुन्या लष्करी मालाच्या दुकानातून त्यांनी पॅराशूटचे कापड आणले. फुंकर मारली तरी पलीकडे जात नाही, हे ओठाला लावून तपासले आणि त्याचे टोपीवाले जाकीट शिवले. शिवणीला आतून मेण चोळले. तिन्ही थर एकत्र धरून त्यांना गोधडीसारखे टाके घालायचा मोह त्यांना झालाच होता, पण पुष्पलतेने वेळेवर सुई काढून घेतली.

आता राहिली गोपाळरावांची सही.

गोपाळरावांचा मुलीच्या जाण्याला विरोध नव्हता, असे ते स्वतः सांगत. त्यांचा विरोध सर्दीला होता. हे सांगताना ते समोर बसलेल्या शेजाऱ्याला, ताराचंदला, साक्षीला घेत. ताराचंदची बायको भागीरथाबाई दारातून ऐकत असत आणि घरी जाऊन ते गल्लीला ऐकवत असत.

"मी काही जुन्या विचाराचा नाई," गोपाळराव म्हणाले. "पन पोरगी भिजन, वारा लागन, निमोनिया होईन. मंग समुद्र काय दवाखान्यात घेऊन जाईन का?"

"बरोबर आहे गा," ताराचंद म्हणाला. त्याला चहा यायचा होता.

"आई तीन थर शिवून राहिली ना बाबा," पुष्पलता म्हणाली.

"थर! थराले काय होते? परीक्षा घेतल्याशिवाय मी सही नाई करत. आपल्या घरी समुद्र नसन, वारा तर आहे."

आणि गोपाळरावांनी माळ्यावरून आपला स्वतःचा कुलर खाली काढला.

तो त्यांच्या हातचा सर्वांत मोठा कुलर होता. एवढा मोठा, की गिऱ्हाइकाच्या खिडकीत तो बसला नाही आणि घरीच राहिला. उन्हाळ्यात तो चालू असला की पलीकडच्या घरातले कॅलेंडर हलत असे. नागपुरात डिसेंबरात शहाणी माणसे सकाळी उन्हाला पाठ देऊन बसतात. त्या दिवसांत, रविवारी सकाळी आठ वाजता, नंदनवनात एका घरी कुलरमध्ये पाणी भरणे चालू आहे, ही बातमी भागीरथाबाईंनी चहा गाळायच्या आत गल्लीभर पोचवली. लोक शाली गुंडाळून पाहायला आले.

अट अशी ठरली: पुष्पलतेने तिन्ही थर घालून कुलरसमोर अर्धा तास बसायचे. दात वाजले नाहीत तर सही.

पुष्पलता स्टुलावर बसली. कुलर सुरू झाला. पाच मिनिटे झाली तरी ती हसतच होती. पॅराशूटचे कापड वाऱ्याने फुगत होते, पण आत काही शिरत नव्हते. अंजनाबाई भागीरथाबाईंकडे अशा पाहत होत्या की जणू वारा त्यांनीच शिवला आहे.

मग गोपाळराव तांब्या घेऊन आले आणि टोपी बाजूला करून त्यांनी मुलीच्या गळ्यातून आत दोन तांबे पाणी ओतले.

"अवो! हे काय?" अंजनाबाई ओरडल्या.

"तुषार," गोपाळराव म्हणाले. "कागदावर लिहिलं आहे. समुद्र काय विचारून येते का, बाई, येऊ का म्हनून?"

सातव्या मिनिटाला पुष्पलतेचे हसू गेले. दहाव्याला तिने हात काखेत धरले. पंधराव्या मिनिटाला तिचे ओठ जांभळे झाले आणि सोळाव्या मिनिटाला दात असे वाजू लागले की मागच्या रांगेतल्यांनाही ऐकू गेले. गोपाळरावांनी कुलर बंद केला. जिंकल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ते खाली वाकून प्लग काढत बराच वेळ बसले.

"झालं," उठून ते म्हणाले. "मी तर तयारच होतो. आता कपडेच टिकले नाई, तर माहा काय दोष?"

पुष्पलता स्टुलावरून उठली. ती आत गेली. अंजनाबाई तिच्यामागून गेल्या आणि दार लावून तिचे ओले कपडे उतरवू लागल्या. आधी जाकीट, मग स्वेटर. स्वेटर ओला होता, पण हाताला ऊबदार लागला. मग आतले लुगड्याचे कापड. ते अंगाला असे चिकटले होते की सोलून काढावे लागले, आणि ते बर्फ होते.

"आई, मधलं गरमच होतं वं," पुष्पलता टॉवेलमध्ये थरथरत म्हणाली. "पन अंगाले लागूनच कोनीतरी गार हात ठेवून बसल्यासारखं वाटे. निघतच नव्हता तो हात."

अंजनाबाईंनी ते कापड बादलीवर पिळले. पाणी निघाले, अजून निघाले, तिसऱ्यांदा पिळले तरी निघाले. दुहेरी शिवले होते ना, समुद्र आहे म्हणून. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या माठाकडे गेली. डिसेंबरात तो कोरडा उपडा पडला होता, पण उन्हाळ्यात त्याला कोण काय गुंडाळते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. लुगड्याचा ओला तुकडा. तोही जुनाच घ्यायचा, कारण जुने सूत पाणी जास्त धरते. वीस वर्षे त्या स्वतः तसल्याच गार हाताने माठ गार ठेवत होत्या, आणि नवरा वीस वर्षे कुलरच्या ओल्या वाळ्याच्या ताटीतून वारा सोडून लोकांची घरे गार करत होता. पोरीला कुलरसमोर बसवण्यापूर्वी आईने तिला माठाचे फडके गुंडाळले, आणि हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही.

सूत वाईट, असे त्या मनातही म्हणू शकल्या नाहीत. वडिलांचे बोट त्या कापडावरून फिरलेले होते. त्यांनी ते दोरीवर वाळत टाकले, नीट, सुरकुती काढून. मग पायात चपला घातल्या आणि त्या रामदासपेठेत सिंधूताईंकडे गेल्या.

सिंधूताई दर उन्हाळ्यात काश्मीरला जात आणि उरलेले वर्ष काश्मीरबद्दल बोलत. त्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांमध्ये एवढी लोकर होती की एखादी मेंढी त्यात सहज हरवली असती. दरवर्षी त्या त्यातला एक स्वेटर गरिबाला देत, आणि ते दान जगाला माहीत नसेल तर तो दोष जगाचा होता.

"पातळ लोकरीचं, अंगालगत घालायचं काही आहे का ताई?" अंजनाबाईंनी विचारले.

"अंगालगत? लोकर? अंजनाबाई, तुमच्या लोकांना खाजेल हो."

"आमच्या लोकाइले थंडीबी वाजते ताई," अंजनाबाई म्हणाल्या. "खाजन तर खाजन."

सिंधूताईंनी काढून दिले. साहेबांच्या मापाचे, पूर्ण बाह्यांचे, पातळ, धुऊन धुऊन मऊ झालेले. देताना त्यांनी साहेब ते घालून कुठल्या कुठल्या बर्फात उभे राहिले होते ते सांगितले. अंजनाबाईंनी तेवढा वेळ कापडावर बोट फिरवले. त्या घरी आल्या आणि संध्याकाळपर्यंत शिवणी उसवून, बाजू आत घेऊन, गळा बारीक करून त्यांनी ते मुलीच्या मापाचे केले.

सोमवारी सकाळी त्यांनी गोपाळरावांना सांगितले, "कुलर लावा. परीक्षा पुन्हा."

"पुन्हा कायले? माहा शब्द एकच असते."

"शब्द एकच असू द्या. कुलरबी एकच आहे. आतला थर माह्यानं चुकला होता."

ही गोष्ट अंजनाबाईंनी अंगणात, ताराचंद आणि भागीरथाबाई समोर असताना, मोठ्याने कबूल केली. भागीरथाबाई कामावर जायच्या तयारीत होत्या, त्या थांबल्या. अशी कबुली गल्लीत रोज ऐकू येत नाही.

"चुकला म्हनजे? सुती कापडाहून चांगलं कापड अजून निघालं नाई," गोपाळराव म्हणाले. आता ते सुताच्या बाजूने होते, कारण बायको आता त्या बाजूला नव्हती. "सर्दी पोरगीच्या अंगात आहे. कापडाचं काय?"

"मंग असं करू," अंजनाबाई म्हणाल्या. "पोरीले ठेवू बाजूला. तुम्ही बसा सुतीत, मी बसते लोकरीत. वरून दोघाइले स्वेटर, दोघाइच्या आंगावर दोन दोन तांबे. ज्याचे दात आधी वाजतीन, थो हरला. मी हारली तर कागद मी माह्या हातानं फाडीन."

"तू बसशीन? लोक काय म्हनतीन?"

"लोक काल बसलेलेच होते पाहायले."

"बस ना गा गोपाळराव," ताराचंद म्हणाला. त्याला आता चहासुद्धा नको होता. "सुती सर्वांत चांगलं म्हनतं ना तू? मंग भेतं काहून?"

एवढे झाल्यावर माणूस काय करील? गोपाळराव आत गेले, दोन सुती बंड्या आणि वरून आपला स्वेटर घालून आले. वर वाऱ्याला म्हणून त्यांनी सायकलवर वापरायचा रेनकोट चढवला. अंजनाबाई झंपराच्या जागी अंगालगत साहेबांचे बर्फातले बनियन, त्यावर मुलीचा स्वेटर आणि त्यावर पॅराशूटचे जाकीट घालून आल्या. डोक्यावर पदर, त्यावर टोपी. भागीरथाबाईंनी हसू आवरायला तोंडात पदर कोंबला.

तोवर कालची गर्दी पुन्हा जमली होती. दोन स्टुले शेजारी शेजारी मांडली. लग्नानंतर नवराबायको असे जोडीने एवढ्या लोकांसमोर प्रथमच बसत होते. पुष्पलतेने तांब्या उचलला. आईच्या गळ्यातून दोन ओतले, बाबांच्या गळ्यातून दोन. बाबांच्या वेळी तांब्या काठोकाठ होता असे पुढे गोपाळरावांचे म्हणणे पडले. पुष्पलतेने ते कधी मान्य केले नाही आणि कधी नाकारलेही नाही.

पहिली पाच मिनिटे गोपाळराव कुलरची रचना लोकांना समजावत होते. आठव्या मिनिटाला ते समुद्री वाऱ्याकडे वळले. समुद्राचा वारा खारट असतो आणि खारट वारा गार लागत नाही, तेव्हा ही परीक्षा प्रत्यक्षाहून अवघड आहे, असे त्यांनी सांगितले. अकराव्या मिनिटाला त्यांची वाक्ये आखूड झाली. तेराव्या मिनिटाला ते गप्प बसले. बावीस वर्षांच्या संसारात अंजनाबाईंनी त्यांना जागेपणी गप्प बसलेले पाहिले नव्हते. त्यांना क्षणभर काळजीच वाटली.

त्यांना स्वतःला खाजत होते. मरणाचे खाजत होते. पाठीवर, काखेत, गळ्याशी. पाणी अंगाला लागले होते, पहिल्यांदा गार, मग कोमट. तो गार हात इथे नव्हता. लोकर ओली होती आणि तरी ऊब धरून बसली होती, एखाद्या परक्या घरातल्या बाईने न सांगता लेकरू सांभाळावे तशी. अंजनाबाईंना ते आवडले नाही, पण कळले.

अठराव्या मिनिटाला गोपाळरावांना शिंक आली. लागोपाठ चार.

"धूळ," ते म्हणाले. "कु-कु-कुलरमधे धूळ आहे. ताट्या झ-झटकल्या नाई कोनी."

"कुलर कोनाचा गा?" ताराचंदने विचारले.

गोपाळरावांना उत्तर द्यायचे होते, पण दात मधे येत होते. दोन्ही जबडे एकमेकांवर असे आपटत होते की मागच्या घरातला कुत्रा उठून पाहायला आला. अंजनाबाई उठल्या, प्लग काढला, नवऱ्याच्या अंगावरून ओल्या बंड्या उतरवल्या आणि त्याला शालीत गुंडाळून उन्हात बसवले. मग आत जाऊन संमतीचा कागद, पाटी आणि पेन घेऊन आल्या.

"सही," त्या म्हणाल्या.

"हात हालून राहिला ना."

"हालू द्या. हालत्या हाताचीबी चालते."

गोपाळरावांनी सही केली. खाली पालकाच्या शेऱ्याची जागा रिकामी होती. त्यांनी वेळ घेतला, दोनदा शिंकले आणि लिहिले: 'सर्व कपड्यांची स्वतः परीक्षा घेतली आहे. समाधानकारक.' अंजनाबाईंनी ते वाचले. त्यांनी कागदावर फुंकर घातली आणि त्या मुलीला घेऊन बसने कॉलेजात गेल्या, बुधवारची वाट न पाहता, कारण मंगळवारी गोपाळरावांचा हात हलायचा थांबला असता आणि त्याच हाताने त्यांनी कागद परत मागितला असता.

बाबनराव सर होडीच्या दोरांचा ढीग मोजत बसले होते. त्यांनी संमतीचा कागद ठेवून घेतला आणि पुष्पलतेच्या नावापुढे खूण केली. मग कपडे मागून घेतले, एकेक थर उलटा केला, शिवण ओढून पाहिली, मेणावरून नख फिरवले आणि आतल्या लोकरीवर थांबले.

"ही आत घालायला तुम्हाला कोणी सांगितली?"

"तुमच्याच कागदावर आहे ना," अंजनाबाई म्हणाल्या. आपण ते आधी खोडले होते, एवढे सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

सरांनी मागे बोट दाखवले. भिंतीशी अकरा गाठोडी होती. "बाकी सगळ्यांच्या घरून सुती आलंय. मलमल, खादी, एकाच्या आईनं तर चादरीचं शिवलंय. सांगून सांगून थकलो. म्हणतात, सर, लोकर अंगाला कोण लावतं? चार दिवस आहेत. तुम्ही करून द्याल का? जुने पातळ स्वेटर मी जमवतो."

अंजनाबाईंनी अकरा गाठोडी मोजली. एका दिवसाला तीन. उसवायचे काम मोठे, शिवायचे कमी. उसवायला दुसरे कोणी हवे, घरी रिकामे बसलेले, हिवाळ्यात ज्याला काही काम नाही असे.

"देते," त्या म्हणाल्या. "माहे घरचे आहेत मदतीले. त्याइनं या कपड्याची परीक्षाबी घेतली आहे."